मशीन टेकडीवर होतं

मे संपत आला की आमच्या सोसायटीतली माणसं एकमेकांकडे बघून बोलायची थांबतात आणि आभाळाकडे बघून बोलायला लागतात. लिफ्टमधून बाहेर पडताना, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी एकच प्रश्न. "कधी पडणार हो हा एकदाचा?" मुलुंडचा उकाडा म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये आपण, झाकण लावून ठेवलेले. आई गच्चीवर आमसुलं वाळत घालते. दुपारी वर जाऊन ती उलटते, बोटं लालजांभळी करून खाली येते आणि म्हणते, "एवढी हाताला लागू देत, मग येऊ दे त्याला यायचं तेव्हा."

मला तो यायला नकोच असतो. पावसाशी माझं भांडण नाही. एकदा लागला की मीही खिडकीत चहा घेऊन बसते. पण त्याच्या आधीचे हे चिकट, थांबलेले दिवस आले की माझे कान सारखे बाहेर लागलेले असतात. शेजारी नव्या टॉवरचं खोदकाम चाललंय. तिथल्या मशीनचा आवाज जरा खाली गेला की हातातलं काम तसंच राहतं. आवाज पुन्हा वर चढेपर्यंत मी श्वास घेत नाही, असं आई म्हणते. मला ते कळतही नाही.

मी अवजड मशीनं दुरुस्त करते. ऐकणाऱ्याला वाटतं, हातोडा, पाना, ग्रीसने काळे झालेले हात. हात काळे होतातच. पण आता ही मशीनं बोलतात. इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. कुणी डिझेलचा दाब मोजतो, कुणी हवेचा, कुणी पाण्याची उष्णता. काही बिनसलं की मशीनचा कंट्रोलर एक कोड दाखवतो. मी लॅपटॉप जोडते, कोड वाचते आणि शोधायला लागते. नवखा माणूस कोड वाचतो आणि तो सेन्सर बदलून मोकळा होतो. पण कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो. का दुखतंय ते आपण शोधायचं असतं, आणि त्याला कधी तास लागतो, कधी आठवडा. काही वर्षांपूर्वी मला विक्रोळीला बोलावलं, तेव्हा माझ्याकडे आठवडा होता की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

विक्रोळीच्या एका टेकडीच्या उतारावर ती वस्ती आहे. खाली पक्क्या भिंतींची घरं, वर चढत जाल तशी पत्र्याची. सगळ्यात वरच्या ओळीच्या मागे एक रुंद गटार आहे. टेकडीवरून येणारं पाणी त्यात पडावं आणि वळसा घालून बाजूच्या नाल्याला जावं, अशी सोय. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि टेकडीचा एक लचका सुटून नेमका त्या गटारात बसला. माती, दगड, उपटलेलं एक झाड. पावसाळ्याआधी ते उपसलं नाही, तर वरचं सगळं पाणी सरळ घरांवर येणार होतं. म्हणून ठेकेदाराने एक खोदाई मशीन वर चढवलं. कंपनी कुठलीही असो, वस्तीतली माणसं त्याला पोकलेनच म्हणत. त्यासाठी मातीची एक चिंचोळी वाट कापली होती. मशीन त्या वाटेने वर गेलं, थोडं काम केलं आणि मग अर्ध्यातच धाप लागल्यासारखं करू लागलं. त्याच्या पलीकडे दुसरं मशीन नेता येत नव्हतं, कारण हेच वाटेत आडवं होतं. माणसं घमेली घेऊन चढली, पण दगडांना घमेल्याचं काय?

मला बोलावलं तेव्हा वर ऑपरेटर दत्ता होता. जालन्याकडचा, माझ्याच वयाचा, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. त्याने मला हात देऊन वर घेतलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "ताई, हे मला मारणार."

झालं असं होतं की भरलेली बकेट घेऊन तो कडेला वळत असताना इंजिन एकदम बसलं होतं. पूर्ण बंद नाही. ताकद गेली, आवाज घोगरा झाला आणि मशीन कडेकडे झुकलं. त्याने बकेट तिथेच सोडून दिली म्हणून सावरलं. तेव्हापासून त्याचा चेहरा तसाच होता. "मी मशीनला घाबरत नाही, ताई. पण हे कधी दगा देईल ते सांगत नाही ना."

लॅपटॉपवर एक नव्हे, ओळीने कोड होते. डिझेलचा दाब चुकीचा, हवेचा दाब चुकीचा, तेलाचा दाब चुकीचा. इतकं सगळं एकाच वेळी कसं बिघडेल? बिघडत नाही, हे मला ठाऊक होतं. हे सगळे सेन्सर एकाच ठिकाणाहून पाच व्होल्ट घेतात. ते पाच व्होल्ट कुठे गळाले, एखादी वायर लोखंडाला चिकटली, की सगळे एकदम खोटं बोलू लागतात आणि कंट्रोलर घाबरून स्वतःच ताकद कमी करतो. म्हणजे कुठेतरी एक वायर उघडी होती, किंवा एक सेन्सर आतून जळला होता. मी मीटर लावला. पाच व्होल्ट. अगदी बरोबर, नीट पाच. दवाखान्यात पाऊल टाकावं आणि ताप उतरावा तसं. मी कोड पुसले, दत्ताने मशीन सुरू केलं. तासभर उत्तम चाललं. मग दुपारच्या उन्हात पुन्हा तोच घोगरा आवाज.

त्यानंतरचे दिवस माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलेले आहेत. तापलेल्या पत्र्याखाली पालथं पडून राहणं. लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन पडायचं म्हणून डोक्यावर गोणपाट ओढून घेणं, आणि त्या गोणपाटातला कांद्याचा वास. इंजिनाला हात लागला की मनगटावर उठणारे फोड. एकेक सेन्सर काढून बघितला, वायरी बोटांनी चाचपत गेले, साकीनाक्याच्या गाळ्यांमधून नवे कनेक्टर आणून बसवले. प्रत्येक वेळी मशीन सुरू व्हायचं आणि प्रत्येक वेळी माझं हृदय त्याच्याबरोबर वर जायचं. मग ते बसायचं. ठेकेदाराच्या माणसाने फोनवर सुचवलं, "मॅडम, सेन्सर काढा आणि काहीतरी खोटं लावून द्या. फसवा ना त्याला." मी म्हटलं, "कुठल्या सेन्सरबद्दल खोटं सांगू? सगळेच ओरडतायत." आणि मशीनला फसवलं तरी आत दत्ता बसलेला असणार होता.

मशीनपासून खाली उतरलं की लागणाऱ्या पहिल्या, म्हणजे वस्तीच्या सगळ्यात वरच्या ओळीत सावंतकाकी राहायच्या. मूळच्या मालवणच्या, माझ्या आजोळकडच्याच. पहिल्या दिवशी मी पाणी मागायला गेले, आजोळचं गाव सांगितलं, आणि त्यांनी दारातच मला आपलं करून टाकलं. सावंतकाका कारखान्यातून रिटायर झालेले, दिवसभर पंख्याखाली बसून टेकडीकडे बघणारे. मुलगी सुप्रिया बाळंतपणाला आली होती. घरात शिरलं की ओव्याच्या धुरीचा, तेलाचा आणि दुधाचा वास यायचा. छताच्या कडीला साडीची झोळी बांधलेली आणि त्यात ते एवढंसं पोर, मूठ वळून झोपलेलं. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली आणि आत ते शांतपणे घामाघूम.

वस्तीच्या वरच्या ओळीला नोटीस आली होती, टेकडी खचेल, खालच्या शाळेत जाऊन राहा म्हणून. कुणी गेलं नव्हतं. एकदा मी काकींकडे चहा घेत बसले होते. वर मशीन सुरू झालं, दत्ता ते तापवून थोडं खोदून बघत होता. काकींनी एक गाठोडं बांधायला घेतलं होतं. त्यांनी कान दिला आणि हसत त्याची गाठ सोडली.

"चालूक लागला बघ. आता काय भीती नाय."

थोड्या वेळाने आवाज बसला. काकींनी पुन्हा बाळाचे कपडे गाठोड्यात टाकायला सुरुवात केली. मी पेला खाली ठेवला. माझ्या लक्षात आलं, ही फक्त काकींची गोष्ट नव्हती. शेजारच्या दारात एक बाई उभी होती, तिच्या पलीकडे एक म्हातारा. सगळे कान टेकडीकडे लावून. अख्खी ओळ त्या इंजिनावर सामान बांधत होती आणि सोडत होती. मी रोज कोड पुसत होते, मशीन रोज तासभर धडधडत होतं, आणि तेवढ्या तासाभराच्या धडधडीवर माणसं अजून एक दिवस घरात थांबत होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ खाडीच्या बाजूने गढूळ झालं. वारा पडला. कावळेसुद्धा खाली बसले होते. मी टेकडीवर न जाता आधी काकींच्या दारात गेले.

"काकी, शाळेत जा. आजच."

"मगे तुझा मशीन?"

"माझ्याने होत नाहीये ते." मी लॅपटॉपची बॅग खांद्यावरून खाली ठेवली. "मला सापडत नाहीये काय बिघडलंय ते. सापडेल की नाही माहीत नाही. त्या आवाजावर जाऊ नका. तो आवाज काही कामाचा नाही."

काका पंख्याखालून म्हणाले, "बाळाक घेऊन त्या शाळेत? मच्छर किती आसत थंय!"

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. भरवशाच्या डॉक्टरने हात वर केल्यावर घरातली माणसं बघतात तशा. मग त्यांनी झोळीतून पोर उचललं आणि सुप्रियाच्या हातात दिलं. त्या निघाल्या तशी शेजारीण निघाली, मग तो म्हातारा. शेवटी हातात पाण्याचा हंडा घेऊन काका. ती ओळ उतरताना मी पाहिली आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं इतकंच, की आता मी ही घरं सोडून दिली.

वर दत्ता मशीनच्या लोखंडी पट्ट्याच्या सावलीत बसला होता. मी त्याला म्हटलं, "एकदा शेवटचं बघू. मशीन नुसतं चालवून काही कळत नाही. काम करतानाच ते बसतं. मला ते काम करताना बघायचंय."

"कडेला? भरलेली बकेट घेऊन?"

"हो."

"तुम्ही बसाल का माझ्या जागी?"

"तुझ्या मागे बसते."

तो हसला नाही. पंचा सोडून त्याने तोंड पुसलं आणि केबिनचं दार उघडलं. मी मीटरच्या लांब वायरी इंजिनापासून खिडकीतून आत घेतल्या आणि त्याच्या सीटमागच्या बोळात अंग दुमडून बसले. गुडघे त्याच्या पाठीला लागत होते. मीटर माझ्या मांडीवर. पाच व्होल्ट. त्याने बकेट मातीत घातली, उचलली. पाच. वळवली. पाच. माझ्या डोळ्यांत घाम उतरत होता, पण मी आकड्यावरून नजर हलवली नाही. दत्ता पुटपुटत होता, देवाचं नाव असेल किंवा शिव्या. कडेला, खाली घरांचे पत्रे दिसायला लागले तिथे, एका दगडाखाली बकेट अडकली. त्याने जोर दिला. इंजिन गुरगुरलं, अख्खं मशीन थरथरलं, आणि माझ्या मांडीवरचा आकडा पाचावरून घसरून जवळजवळ शून्यावर आला.

"सोड! दत्ता, सोड!"

त्याने सोडलं. आवाज घोगरा झाला आणि आकडा हळूच पाचावर परत आला. त्याच्या पाठीचे ठोके मला गुडघ्यातून कळत होते.

वळताना नाही. जोर लावताना. जोर लागला की इंजिन आपल्या जागेवर पिळवटतं, एका बाजूला कलतं. ते रबराच्या पायांवर बसवलेलं असतं. मी खाली उतरले, टॉर्च घेतली आणि आत्तापर्यंत जिथे कधीच बघितलं नव्हतं तिथे, इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात डोकं घातलं. एका पायाचं रबर आतून फाटलं होतं. वरून धडधाकट दिसत होतं. इंजिन कलायचं तेव्हा त्याच्या मागून जाणारा वायरींचा जुडगा चौकटीच्या कडेवर दाबला जायचा. जुडग्याच्या मागच्या बाजूला, हाताला सहज न लागणाऱ्या जागी, एका वायरीचं आवरण खरवडून आतलं तांबं चमकत होतं. नखाएवढं. इंजिन गरम झालं, रबर मऊ पडलं, जोर लागला, की ते तांबं लोखंडाला टेकायचं. पुन्हा सरळ झालं की सुटायचं. मी बघायला जायचे तेव्हा सुटलेलं असायचं.

मला आनंद झाला नाही. मी त्या नखाएवढ्या चमकीकडे बघितलं आणि गोणपाटात तोंड घालून रडले, कारण वारा पुन्हा सुटला होता आणि तो थंड होता.

वायर जोडली, जुडगा बाजूला घेऊन बांधला, फाटक्या रबराखाली जाड रबरी पट्ट्याचा तुकडा ठोकून बसवला. दत्ताने मशीन सुरू केलं. पूर्ण ताकदीने. दगड उचलला गेला, झाड ओढलं गेलं. तो मागे वळून बघत नव्हता, नुसता खोदत होता. इतका भरदार, न अडखळणारा आवाज त्या टेकडीने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. आणि तेव्हा मला उमगलं. हा आवाज शाळेपर्यंत जात असणार.

मी उतार धावत उतरले. शाळेच्या फाटकातून सावंतकाका बाहेर पडत होते. काखेत वळकटी, दुसऱ्या हातावर पोर. मागे काकी चपला शोधत होत्या. आत हॉलमध्ये पंखा बंद होता आणि पोर रडून लाल झालं होतं.

"काका, कुठे?"

"घराक. चालूक लागला ना मशीन? ऐकतंय मी. तूच दुरुस्त केलंस ना ता?"

"वायर दुरुस्त केली, काका. टेकडी नाही केली."

"सकाळी म्हणतंस आवाजावर जाव नको, तेव्हा तो खोटो होतो. आता तर खरो आसा!"

खरंच होता तो आवाज खरा. मी त्यांच्यासमोर आडवी उभी राहिले, एवढंच. ते मला बाजूला सारून गेलेही असते. पण मागून सुप्रिया आली. इतक्या दिवसांत मी तिला फारसं बोलताना ऐकलं नव्हतं. तिने वडिलांच्या हातावरून पोर काढून घेतलं, पदराखाली धरलं आणि फाटकाच्या आत पायरीवर बसली.

"बाबा, तुम्ही जा हवं तर. हा नाही येणार."

काका वळकटी काखेत घेऊन तसेच उभे राहिले. मग ती फाटकाला टेकवली आणि पायरीवर तिच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसले.

पाऊस संध्याकाळ व्हायच्या आत आला. माती पायाखालून निसटायला लागेपर्यंत दत्ता वर होता. मग मशीन वाटेच्या आतल्या अंगाला लावून तो चिखलात बसत, घसरत खाली आला. गटार जवळजवळ मोकळं झालं होतं. शेवटचं वळण राहिलं होतं. पाणी बराच वेळ गटारातून नीट नाल्याकडे गेलं, आम्ही शाळेच्या व्हरांड्यातून त्याचा आवाज ऐकत होतो. मग त्या वळणावर ते तुंबलं आणि कडेवरून सुटलं.

सकाळी आम्ही वर गेलो. बाकीच्या घरांत गुडघाभर चिखल होता. सावंतांची मागची भिंत आत आली होती. माती चुलीपर्यंत, माती कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत. झोळीची साडी मातीत गाडली गेली होती आणि तिची दोरी तेवढी चिखलातून निघून सरळ छताच्या कडीला गेलेली दिसत होती. काकांनी ती दोरी हाताने हलवून बघितली. मग ते बाहेर जाऊन दगडावर बसले आणि दत्ताने त्यांच्या हातात तंबाखूची पुडी दिली.

लोक मला म्हणाले, तू होतीस म्हणून. दत्ताला म्हणाले, तू होतास म्हणून. आम्ही दोघंही मान हलवायचो. जीव कुणाचा गेला नाही, हे खरं. पण रोज दुपारी डोळा लागला की मला पावसाच्या आदल्या दिवशीचं दिसायचं: काकी गाठोड्याची गाठ सोडतायत, आणि वर माझं मशीन सुरू आहे.

गणपतीच्या दिवसांत मी काकींना भेटायला गेले. मला वाटलं होतं, त्या कुठल्या नातेवाइकाकडे असतील, पत्ता विचारावा लागेल. त्या घरातच होत्या. मागे नवी भिंत, वर नवे पत्रे, चुन्याचा ओला वास, कोपऱ्यात छोटी मूर्ती. मागची टेकडी गवताने हिरवीगार झाली होती, लचका तुटल्याची जागाही दिसेना. पोर माझ्या मांडीवर दिलं गेलं, हातात करंजी. मी करंजी धरून बसले.

"काकी, परत इथेच?"

त्यांनी निरांजनाची वात पुढे सारली. "मगे जातलव खंय?"

जायचं कुठे, सरळ प्रश्न होता. माझ्याकडे लॅपटॉप होता, मीटर होता, त्यांच्या प्रश्नाला लावून बघावं असं काही नव्हतं.

आता दरवर्षी आभाळ गढूळ झालं की मी काकींना फोन करते. गावच्या आंब्यांची चौकशी होते, काकांच्या गुडघ्यांची, सुप्रियाची. ती आता तिथेच राहते, नवऱ्याची नोकरी गेल्यापासून. मग मी विचारते. यंदाही विचारलं, परवाच, आई गच्चीवरून आमसुलं गोळा करत होती तेव्हा.

"शाळेत गेलात का काकी?"

मागे तो पोरगा कुणाशी तरी जोरजोरात भांडत होता, त्याला बॅटिंग हवी होती. काकींनी त्याला दम दिला, मग फोन पुन्हा कानाशी धरला.

"अजून नाय गो," त्या म्हणाल्या. "आधी पडान तरी दे. मगे बघतंव."